अडचण हीच तुमची वर्गणी: वर्डप्रेस, वर्डकॅम्प आणि आपलं निघोजे

ज्यांना कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलले तसंच ठेवलंय. फक्त मधले ‘अं’ आणि मागचे कंटेनरचे हॉर्न काढून टाकलेत.

आजचा विषय आहे वेबसाईट बनवायची ओपन सोर्स सॉफ्टवेअर, आणि त्यांच्या नावानं भरणारे मेळावे. म्हणजे वर्डकॅम्प, मीटअप वगैरे. या मेळाव्यांबद्दल मी बोलले की समोरून ठरलेला प्रश्न येतो: “ताई, मला कोडिंग येत नाही. मी तिथे जाऊन काय करू?”

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय, त्याच्यापेक्षा जो अडलाय त्याची तिथे जास्त गरज आहे. तुमची अडचण हीच तुमची वर्गणी. हे नुसतं बोलायला छान वाटतं म्हणून म्हणत नाहीये. पुढची दहा-पंधरा मिनिटं तेच उदाहरणांनी सांगते.

आधी आपलं गाव

बाहेरून ऐकणाऱ्यांसाठी: नाशिक रस्त्यानं मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की डाव्या हाताला निघोजे. तालुका खेड, जिल्हा पुणे. चाकण एमआयडीसीच्या चौथ्या टप्प्यातला महिंद्राचा कारखाना आमच्याच हद्दीत येतो. मोठ्या कंपनीच्या आजूबाजूला मग छोटी वर्कशॉप, पावडर कोटिंग, प्रेस टूल, पॅकिंगचे खोके बनवणारे, मेस, भाड्याच्या खोल्या. मी स्वतः दिवसा एका कंपनीत क्वालिटीला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी अशा छोट्या लोकांना त्यांच्या वेबसाईटसाठी मदत करते.

वेबसाईट कशाला लागते यांना? कारण मोठ्या कंपनीचा खरेदीवाला पहिल्याच फोनला विचारतो, “प्रोफाईल पाठवा, वेबसाईट आहे का?” व्हॉट्सॲपवर फोटो जातात, पण चार दिवसांनी ते कुठे सापडत नाहीत.

त्यात आमची एक वेगळीच गंमत आहे. आमचं गाव निघोजे, आणि पारनेर तालुक्यात कुकडी नदीवर, रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव निघोज. एका मात्रेचा फरक! सर्च करणारा माणूस पावडर कोटिंग शोधायला निघतो आणि रांजणखळग्यांच्या फोटोंपाशी पोचतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, साईटवर नुसतं ‘निघोजे’ लिहू नका. तालुका खेड, चाकण एमआयडीसी, पिनकोड, सगळं लिहा. या भागातली सगळ्यात स्वस्त टीप हीच.

फुकट वेगळं, मोकळं वेगळं

आता वर्डप्रेस. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट यावर चालतात. ते सुरू कसं झालं बघा. ‘बीटू’ नावाचं ब्लॉग लिहायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याचं काम थांबलं आणि वापरणारे अडकले. जानेवारी २००३ मध्ये मॅट मुलेनवेग या अमेरिकन पोरानं, वय वर्षं १९, आपल्या ब्लॉगवर लिहिलं की हे सॉफ्टवेअर पुढे न्यायला हवं. खाली इंग्लंडच्या माइक लिटिलनं लिहिलं की मी मदत करतो. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. थोडक्यात, वर्डप्रेसची सुरुवातच एका अडलेल्या वापरकर्त्यापासून झाली.

हे करता आलं, कारण बीटूचा परवाना जीपीएल होता. वर्डप्रेसचाही तोच आहे. या परवान्यात चार मोकळीका मिळतात: हवं त्या कामाला वापरा, आत काय आहे ते बघा आणि बदला, दुसऱ्याला द्या, आणि बदललेलंही दुसऱ्याला द्या. फुकट मिळतं ते सोडा, असली गोष्ट ही मोकळीक आहे.

पण मोकळीक कागदावर असून भागत नाही. आमच्याकडच्या एका वर्कशॉपवाल्या काकांची साईट एक दिवस बंद पडली. सॉफ्टवेअर मोकळं होतं, पण डोमेन होतं साईट बनवून देणाऱ्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे, आणि त्याचा नंबर लागत नव्हता. काका म्हणाले, “पैसे मी भरले, मग घर दुसऱ्याच्या नावावर कसं?” प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून डोमेन स्वतःच्या ईमेलवर घ्या, साईटमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हा दर्जा स्वतःकडे ठेवा, आणि महिन्याला एकदा बॅकअप आपल्या ड्राईव्हवर उतरवून घ्या. एवढं केलं की साईट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येते आणि मोकळीक खरोखर तुमच्या हातात येते.

एक अडचण, जी इंग्रजीवाल्याला कधी दिसणारच नाही

मराठीत पानाचं शीर्षक लिहिलं की वर्डप्रेस त्यावरून लिंक तयार करतं. ती व्हॉट्सॲपवर टाकली की बऱ्याच वेळा टक्क्यांच्या चिन्हांची भलीमोठी शेपटी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी व्हायरसबियरस आहे. तो लिंक उघडतच नाही.

असं का होतं? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाईट घेतं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाईट तीन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजायचे. ‘निघोजे’ म्हणजे सहा चिन्हं, सहा नवे चोपन्न! रोमन लिपीत हेच नाव सात अक्षरांत संपतं.

पुढची गंमत अशी की लिंकच्या या तुकड्याला वर्डप्रेसमध्ये २०० चिन्हांची मर्यादा आहे. मराठीच्या वाट्याला त्यातली साधारण २२ चिन्हं येतात. ‘निघोजे येथील पावडर कोटिंग सेवा’ हे शीर्षक घ्या. मोजून बघा, ‘कोटिंग’मधल्या ‘ग’लाच जागा संपते. ‘सेवा’ तर बाहेरच राहते. लिंक होते ‘निघोजे-येथील-पावडर-कोटिं’.

उपाय सोपा आहे. पान प्रसिद्ध करण्याआधी लिंकच्या चौकटीत, तिला ‘स्लग’ म्हणतात, हातानं छोटं रोमन नाव टाकायचं. पण माझा मुद्दा उपायाचा नाहीये. इंग्रजीत लिहिणाऱ्याला दोनशेची मर्यादा आयुष्यात कधी टोचणार नाही, त्यामुळे तो ती कधी सांगणारही नाही. ती टोचते तुम्हाला-मला. ही अडचण जगासमोर मांडू शकणारी माणसं म्हणजे आपण. आपण गप्प बसलो तर बाकीच्यांच्या हिशेबात ती अस्तित्वातच नाही.

लेख टाकला, पोस्ट टाकली, पान टाकलं

दुसरं उदाहरण भाषांतराचं. वर्डप्रेस मराठीत वापरता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सेटिंगमध्ये भाषा बदलली की बटणं मराठीत येतात. हे भाषांतर कुठल्या कंपनीनं पगार देऊन केलेलं नाही. जगभरच्या स्वयंसेवकांची ‘पॉलिग्लॉट्स’ नावाची टीम आहे, आणि प्रत्येक भाषेचं काम त्या भाषेची माणसं करतात. लॉगिन करायचं, एकेक वाक्य समोर येतं, आपलं मराठी सुचवायचं. मग अनुभवी संपादक ते तपासून मंजूर करतो. कोडिंगची एकही ओळ लागत नाही.

काम सोपं वाटतं, पण मराठी काही सोपं सोडत नाही. इंग्रजी वाक्यात एक रिकामी जागा असते, आणि पुढे ‘कचऱ्यात टाकलं’ अशा अर्थाचे तेच ठरलेले शब्द. इंग्रजीचं तेवढ्यात भागतं. आपल्याकडे लेख टाकला, पोस्ट टाकली, पान टाकलं! रिकाम्या जागी काय येणार हे माहीत नसताना क्रियापद कसं लावायचं?

विभक्तीचं तर विचारूच नका. समजा वाक्य आहे ‘अमुक मध्ये जोडलं’, आणि मेसवाल्या काकूंनी मेन्यूला नाव दिलंय ‘आमचा डबा’. स्क्रीनवर येणार ‘आमचा डबा मध्ये जोडलं’. काकू वाचून हसणार, कारण त्या म्हणतात ‘आमच्या डब्यामध्ये’. मग वाक्य फिरवावं लागतं: ‘यात जोडलं: आमचा डबा’. हे सुचायला संगणकाची पदवी लागत नाही. घरात मराठी बोलणारं माणूस लागतं, आणि ते बटण प्रत्यक्षात दाबून बघणारं माणूस लागतं. नुसत्या तक्त्यात बसून भाषांतर केलं की ‘आमचा डबा मध्ये’ कुणाच्या लक्षातच येत नाही.

याच काकू रोजचा मेन्यू फोनवरून बदलतात. भाजी निवडता निवडता, एका हातानं, आवाजानं टाईप करत. कीबोर्ड वर आला की अर्धी स्क्रीन जाते, उरलेल्या अर्ध्या भागात बटणांची पट्टी येते, आणि लिहिलेलं दिसतच नाही. त्या मला म्हणाल्या, “अगं, मी लिहितेय की लपवतेय?” मोठ्या मॉनिटरवर काम करणाऱ्या डिझायनरला हे वाक्य सुचणार नाही. म्हणून ते त्याच्यापर्यंत पोचायला हवं.

रोजच्या वापरणाऱ्याचं कुणी ऐकतं का?

रास्त शंका आहे. एक उदाहरण देते. ६ डिसेंबर २०१८ ला वर्डप्रेस ५.० आलं आणि लिहायची जागाच बदलली. साध्या पांढऱ्या चौकटीऐवजी ‘ब्लॉक’ आले. परिच्छेद एक ब्लॉक, फोटो दुसरा ब्लॉक. प्रकल्पाचं नाव गुटेनबर्ग, छपाईवाल्या गुटेनबर्गवरून. जगभरातून आरडाओरडा झाला. अंध वापरकर्त्यांना स्क्रीन रीडरवर हे चालवणं किती कठीण जातंय, हे ॲक्सेसिबिलिटीचं काम करणाऱ्यांनी जाहीरपणे मांडलं.

बदल मागे घेतला गेला नाही, तो आजही आहे. पण जुनी चौकट परत आणणारं ‘क्लासिक एडिटर’ नावाचं प्लगइन अधिकृतपणे दिलं गेलं. सुरुवातीला ते २०२१ अखेरपर्यंतच सांभाळू असं ठरलं होतं. लाखो साईटवर ते वापरात राहिलं, आणि मुदत पुढे ढकलावी लागली. मी याला पूर्ण विजय म्हणणार नाही. पण वापरणाऱ्यांनी आवाज केला म्हणून दार पूर्ण बंद झालं नाही, हे खरं.

मग मेळाव्यात होतं काय?

पहिला वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरला. भारतात २००९ मध्ये दिल्लीत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर या शहरांत वर्डकॅम्प झालेले आहेत. द्रुपल हे असंच दुसरं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्याची द्रुपलकॉन एशिया फेब्रुवारी २०१६ मध्ये पवईला आयआयटी मुंबईत झाली. आणि वर्डकॅम्प एशिया, जो २०२३ मध्ये बँकॉक, २०२४ मध्ये तैपेई आणि २०२५ मध्ये मनिलाला झाला, त्यासाठी २०२६ साली मुंबईची निवड झाली. तारखा जाहीर झाल्या ९ ते ११ एप्रिल, ठिकाण वांद्रे-कुर्ला संकुल.

आयोजक स्वयंसेवक असतात, बोलणाऱ्यांना मानधन नसतं, खर्च प्रायोजक उचलतात म्हणून तिकीट परवडतं. आळंदी-देहूच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. सप्ताहात जो जेवतो तोच पुढच्या पंगतीला वाढायला उभा राहतो. तसंच आहे हे.

भाषणं असतातच, पण माझ्या मते खरा दिवस म्हणजे ‘कॉन्ट्रिब्युटर डे’. एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली. एक भाषांतराचं, एक मदतकेंद्राचं, एक माहितीपुस्तिकेचं, एक फोटोंचं, एक मूळ कोडचं. ज्या टेबलावर जमेल तिथे बसायचं. दहापैकी बऱ्याच टेबलांवर कोड लागत नाही.

आणि आपल्या एमआयडीसीतल्या पोरापोरींकडे एक गोष्ट आयती आहे. शॉपफ्लोअरवर पार्ट रिजेक्ट झाला की आपण काय करतो? ‘पार्ट खराब आहे’ एवढं लिहून चालत नाही. कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, माप किती हवं होतं, किती आलं, हे लिहितो. मग ‘फायव्ह व्हाय’ लावतो, पाच वेळा का विचारतो. सॉफ्टवेअरची अडचण अशीच नोंदवायची असते: मी काय करत होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत फोनचं मॉडेल, वर्डप्रेसची आवृत्ती आणि एक स्क्रीनशॉट. ‘चालत नाही’ या दोन शब्दांवर कुणीच काही करू शकत नाही. तीन नीट ओळींवर जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस काम सुरू करू शकतो.

आता दुसरी बाजू

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात उघड भांडण जुंपलं, तेही अमेरिकेतल्या वर्डकॅम्पमधल्या भाषणातून. काही दिवसांतच त्या कंपनीच्या सर्व्हरना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून अपडेट मिळणं बंद झालं. डिसेंबरमध्ये कोर्टाच्या अंतरिम आदेशानंतर ते पूर्ववत करावं लागलं. मधल्या मध्ये अडकले साईट चालवणारे साधे लोक, ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. मोकळ्या सॉफ्टवेअरच्याही काही किल्ल्या मोजक्या हातांत असतात, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. वापरणारे जितके विखुरलेले आणि गप्प, तितकी ती मूठ घट्ट राहणार.

आणि आपल्या जवळची गोष्ट. मेळावे भरतात शनिवार-रविवारी. आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी! शनिवारी आपला पोरगा फर्स्ट शिफ्टला असतो, काकूंच्या मेसला तर सुट्टीच नसते. त्यात भाषणं बहुतेक इंग्रजीत. म्हणजे ज्याची अडचण सगळ्यात मोलाची, नेमका तोच हॉलमध्ये नसतो. हे कुणी मुद्दाम करतंय असं नाही. ठरवणाऱ्यांत आपण नसतो, म्हणून आपला वार त्यांच्या लक्षात येत नाही.

तर मग काय करायचं?

मला वाटतं, मोठ्या मेळाव्याची वाट बघत बसायचं नाही. वर्कशॉपचं ऑफिस, मंदिराचा सभामंडप, मेसचं दुपारचं रिकामं टेबल, काहीही चालेल. गुरुवारी दोन तास. पाच-सहा जण, प्रत्येकाकडे फोन आणि एक अडचण. नियम एकच: प्रत्येकानं आपली एक अडचण तीन ओळींत लिहायची, आणि दुसऱ्याची एक सोडवायचा प्रयत्न करायचा. जी सुटली तिचा उपाय मराठीत लिहून ठेवायचा, म्हणजे पुढच्याला तेच परत शोधावं लागणार नाही. जी सुटली नाही ती मदतकेंद्रावर नोंदवायची. इंग्रजी जमत नसेल तर जमणाऱ्याला शेजारी बसवा. आणि बटणावरचं मराठी खटकलं, तर तिथेच भाषांतराच्या पानावर जाऊन नवीन सुचवा.

जेव्हा पुण्या-मुंबईत वर्डकॅम्प असेल, तेव्हा सगळ्यांना रजा मिळणार नाही. एकाला पाठवा. पण त्याला रिकाम्या हातानं पाठवू नका, सगळ्यांच्या अडचणींची यादी खिशात देऊन पाठवा. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी बरीच भाषणं ‘वर्डप्रेस टीव्ही’वर ठेवलेली असतात, ती जेवणाच्या सुट्टीत बघा.

मेसच्या काकूंचं ते “लिहितेय की लपवतेय” हे वाक्य मी स्क्रीनशॉटसकट तीन ओळींत नोंदवून ठेवलंय. फोनचं मॉडेल त्यांनीच उलटं करून वाचून दाखवलं. नोंदीत वापरणारीचं काम काय, असं लिहायचं होतं. त्या म्हणाल्या, “लिही, साठ डबे.” तसंच लिहिलंय.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या साईटची एक अडचण तीन ओळींत लिहून पाठवा: काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पुढच्या भागात त्यातल्या काही घेऊ. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, ज्याच्या साईटचा पासवर्ड अजून दुसऱ्याकडे आहे. भेटू लवकरच. काळजी घ्या, हेल्मेट घाला!